डॉक्टर ‘नाही’ म्हणू शकतो का?

व्यावसायिक निर्णयस्वातंत्र्य, सदसद्विवेकबुद्धी आणि भेदभावविरोधी कायदे यांच्यातील संघर्षाचा वेध

भारतातील डॉक्टरांसाठी २००२ साली तयार झालेल्या व्यावसायिक आचारसंहितेत दोन तरतुदी आहेत. कोणाची सेवा करायची हे ठरवण्यास डॉक्टर मोकळा आहे, असे एक तरतूद सांगते. कोणत्याही डॉक्टरने रुग्णाला मनमानीने उपचार नाकारू नयेत, असे दुसरी बजावते. पहिली वाचून डॉक्टरला हायसे वाटावे आणि दुसरी वाचून रुग्णाला. मात्र या दोन्ही तरतुदी एकाच संहितेत, एकाच प्रकरणात आहेत. मसुदा लिहिणाऱ्यांच्या हातून झालेली ही चूक नव्हे. वैद्यकीय व्यवसायातला एक जुना आणि अजूनही न सुटलेला पेच त्यातून प्रकट होतो.

डॉक्टरला निर्णयाचे स्वातंत्र्य का असावे, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण ज्ञानाचे. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मानवेल, कोणती शस्त्रक्रिया टाळावी, कधी थांबावे, हे ठरवण्याचे काम सरकार, न्यायालय वा रुग्णाचे नातेवाईक करू शकत नाहीत. दुसरे कारण नीतीचे. डॉक्टर म्हणजे नाणे टाकल्यावर चालणारे यंत्र नव्हे. त्यालाही श्रद्धा आहेत, सदसद्विवेकबुद्धी आहे. जे कृत्य त्याला पाप वाटते ते त्याच्या हातून सक्तीने करून घ्यावे काय, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

दुसऱ्या बाजूलाही तितकीच भक्कम कारणे आहेत. रुग्ण डॉक्टरच्या दारात येतो तो त्याच्या सर्वाधिक दुबळ्या अवस्थेत. एका दुकानात कापड मिळाले नाही तर पुढच्या दुकानात मिळते. अडलेल्या बाळंतिणीला किंवा रक्तस्राव होणाऱ्या जखमीला ती सोय नसते. शिवाय उपचार करण्याचा परवाना सरकार ठरावीक व्यक्तींनाच देते आणि इतरांना त्या क्षेत्रात येण्यास मज्जाव करते. अशी मक्तेदारी ज्याला मिळाली, त्याने समाजातील एका गटाला सरसकट दार बंद केले तर तो केवळ खासगी निर्णय राहत नाही. कायदा हस्तक्षेप करतो तो याच ठिकाणी.

नकार नेमका कोणत्या कारणाने दिला जातो, यावर या वादाचे स्वरूप अवलंबून असते. गेल्या तीन दशकांत तीन वेगवेगळ्या कारणांवरून गाजलेले खटले आणि निकाल पाहिले, की गुंता बराचसा उलगडतो.

भीती आणि पुरावा

पहिले प्रकरण अमेरिकेच्या मेन राज्यातील बँगॉर या गावचे. सप्टेंबर १९९४ मध्ये एक महिला दात तपासून घेण्यासाठी दंतवैद्याकडे गेली. नोंदणीच्या अर्जात तिने आपण एचआयव्हीबाधित असल्याचे प्रामाणिकपणे लिहिले. आजाराची कोणतीही लक्षणे तिच्यात दिसत नव्हती. तपासणीत दाढ किडलेली आढळली. मात्र एचआयव्हीबाधितांचे दात आपण दवाखान्यात भरत नाही, ते काम रुग्णालयात करू, असे दंतवैद्याने सांगितले. स्वतःच्या कामाचे जादा पैसे तो घेणार नव्हता. रुग्णालयाचा खर्च मात्र रुग्णाने सोसायचा होता. त्या महिलेने १९९०च्या अपंग नागरिकांच्या हक्कांविषयीच्या कायद्याखाली दावा दाखल केला.

‘ब्रॅगडन विरुद्ध अ‍ॅबट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ जून १९९८ रोजी दिला. पाच विरुद्ध चार अशा बहुमताने न्यायालयाने लक्षणे नसलेला एचआयव्ही संसर्गही कायद्याच्या दृष्टीने अपंगत्व ठरू शकतो, असे मान्य केले. मूल होऊ देण्याच्या निर्णयावर, म्हणजेच आयुष्यातील एका मूलभूत व्यवहारावर, त्याने गंभीर मर्यादा येते, हा त्यामागचा तर्क होता.

या निकालाचा दुसरा भाग आपल्या विषयाशी अधिक निगडित आहे. संबंधित कायद्यात एक अपवाद होता. रुग्णामुळे इतरांच्या आरोग्याला थेट आणि मोठा धोका असेल, तर सेवा नाकारता येत होती. हा धोका आहे की नाही हे कोणी ठरवायचे? दंतवैद्याचे म्हणणे असे, की तो स्वतः या विषयातला जाणकार असून त्याने प्रामाणिकपणे तसे मत बनवले होते. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालपत्राने हे अमान्य केले. डॉक्टरचे मत प्रामाणिक असणे पुरेसे नाही. ते उपलब्ध वैद्यकीय पुराव्याच्या कसोटीवर वाजवी ठरले पाहिजे, आणि हा पुरावा जोखताना सार्वजनिक आरोग्य यंत्रणांच्या मताला विशेष वजन राहील, असे न्यायालयाने ठरवले. त्या देशाच्या रोगनियंत्रण केंद्राने दंतवैद्यांसाठी १९९३ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना सर्वच रुग्णांबाबत सारखी खबरदारी घेण्यावर भर देणाऱ्या होत्या. पुराव्याची फेरतपासणी करण्यासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे गेले आणि त्याच वर्षाअखेरीस अपील न्यायालयाने पुन्हा रुग्णाच्याच बाजूने कौल दिला.

या निकालाने डॉक्टरचे व्यावसायिक मत गौण ठरवले, असा अर्थ काढणे चुकीचे होईल. धोका खरा असेल आणि तो पुराव्याने दाखवता येत असेल, तर नकार वैध ठरू शकतो, हे तत्त्व कायमच राहिले. नाकारली गेली ती पुराव्याविना केलेली ज्ञानाची सबब. ‘मला तसे वाटते’ आणि ‘शास्त्र तसे सांगते’ यांतला फरक न्यायालयाने अधोरेखित केला.

श्रद्धा आणि समान सेवा

दुसरे प्रकरण कॅलिफोर्नियातले. तेथे प्रश्न धोक्याचा नव्हता, श्रद्धेचा होता. सॅन दिएगो परिसरातील एका महिला आरोग्य केंद्रात १९९९ मध्ये एक समलिंगी महिला वंध्यत्वावरील उपचारांसाठी गेली. सुरुवातीचे औषधोपचार तेथेच झाले. पुढे गर्भाशयात शुक्रजंतू सोडण्याच्या प्रक्रियेची वेळ आली, तेव्हा आपल्या धार्मिक श्रद्धेत हे बसत नाही, अशी भूमिका तेथील डॉक्टरांनी घेतली आणि तिला बाहेरच्या डॉक्टरकडे पाठवण्यात आले. नकाराचे कारण तिची लैंगिक ओळख, की ती अविवाहित असणे, यावर दोन्ही पक्षांत वाद होता.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २००८ रोजी एकमताने निकाल दिला. व्यवसाय करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने सर्वांना पूर्ण आणि समान सेवा द्यावी, असे सांगणारा राज्याचा नागरी हक्क कायदा डॉक्टरांनाही लागू आहे आणि धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली त्यातून सूट मिळत नाही, असे न्यायमूर्ती जॉइस केनार्ड यांनी लिहिलेल्या निकालपत्रात म्हटले. सर्वांना सारखाच लागू होणारा आणि कोणत्याही धर्माला लक्ष्य न करणारा कायदा श्रद्धेच्या आड येत असला तरी पाळावा लागतो, या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९०च्या तत्त्वाचा आधार त्यासाठी घेतला गेला.

तरीही न्यायालयाने डॉक्टरांसाठी दोन वाटा मोकळ्या ठेवल्या. ज्या प्रक्रियेला आपला आक्षेप आहे ती कोणाही रुग्णावर न करणे, ही पहिली वाट. तसा आक्षेप नसलेल्या सहकारी डॉक्टरकडून त्याच केंद्रात प्रत्येक रुग्णाला तीच सेवा मिळेल अशी व्यवस्था करणे, ही दुसरी. या दोन वाटांत निकालाचे मर्म आहे. विशिष्ट कृत्याला आक्षेप घेणे एक गोष्ट आहे आणि विशिष्ट माणसाला आक्षेप घेणे वेगळी. पहिल्याला कायदा जागा देऊ शकतो. दुसऱ्याला देत नाही. वैवाहिक दर्जावरून झालेला भेदभाव त्या काळी या कायद्यात स्पष्टपणे निषिद्ध नसल्याने तो मुद्दा पुढील सुनावणीसाठी खुला राहिला. नंतर, २००५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने कायद्यातली ती फट बुजवली गेली होती.

कृत्याला आक्षेप घेण्याची मुभा कायद्याने स्वतःहून दिल्याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तेथील १९६७च्या गर्भपात कायद्यानुसार सदसद्विवेकबुद्धीला न पटल्यास डॉक्टर वा परिचारिकेला गर्भपाताच्या उपचारात भाग न घेण्याचा अधिकार आहे. मात्र स्त्रीचा जीव वाचवणे किंवा तिला गंभीर कायमस्वरूपी इजेपासून वाचवणे आवश्यक असेल, तर हा अधिकार संपतो. या मुभेची व्याप्ती किती, हा प्रश्न ग्लासगोतील दोन सुईणींनी उपस्थित केला. प्रसूतिकक्षाच्या प्रमुख म्हणून अशा उपचारांसाठी कर्मचारी नेमणे आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणेही आपल्याला नको, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये ते फेटाळले. प्रत्यक्ष हाताने भाग घेण्यापुरतीच ही मुभा आहे, व्यवस्थापनाच्या कामांना ती लागू नाही, असा अर्थ न्यायालयाने लावला. आक्षेप घेणाऱ्याने रुग्णाला आक्षेप नसलेल्या व्यावसायिकाकडे पाठवले पाहिजे, या कर्तव्याचीही आठवण करून दिली.

खाट एक, रुग्ण दोन

तिसरे प्रकरण सर्वांत अवघड, कारण त्यात भीती नाही आणि श्रद्धाही नाही. आहे ती टंचाई. करोनाच्या साथीत अतिदक्षता विभागातील खाटा आणि कृत्रिम श्वसनयंत्रे कमी पडली तर ती कोणाला द्यायची, हा प्रश्न जगभरच्या डॉक्टरांपुढे उभा राहिला. जर्मनीतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी शिफारशी तयार केल्या. उपचार यशस्वी होण्याची शक्यता हा त्यांचा पाया होता आणि ती जोखताना इतर आजार व शारीरिक दुर्बलता विचारात घेतली जात होती. यावर अपंगत्व व दीर्घकालीन आजार असलेल्या नागरिकांनी २०२० मध्ये घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. अपंगत्व म्हणजेच जगण्याची शक्यता कमी, असे समीकरण घाईगडबडीत मांडले जाईल आणि आपल्याला मागे ढकलले जाईल, अशी त्यांची भीती होती.

न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ती भीती रास्त ठरवली. अपंगत्वामुळे कोणाचेही नुकसान होऊ नये, असे जर्मनीची राज्यघटना सांगते. टंचाईच्या काळात त्याचे संरक्षण करण्यासाठी संसदेने काहीच तरतूद केली नाही, हे घटनाबाह्य आहे, असा तो निर्णय होता. त्यानुसार २०२२च्या अखेरीस कायदा झाला. रुग्णांतून निवड करताना केवळ सध्याच्या आजारातून नजीकच्या काळात वाचण्याची शक्यता पाहावी, वय वा अपंगत्व पाहू नये. निर्णय दोन अनुभवी तज्ज्ञांनी मिळून घ्यावा. आणि एकदा सुरू केलेले उपचार नंतर आलेल्या रुग्णासाठी काढून घेऊ नयेत, असे बंधन त्यात होते.

आता विरोधाची पाळी डॉक्टरांची होती. अतिदक्षता व आपत्कालीन विभागांतील काही डॉक्टर याच न्यायालयात गेले. वाचण्याची फारशी आशा नसलेल्या रुग्णाचे यंत्र काढता येत नाही आणि वाचू शकणारा रुग्ण बाहेर मरतो, अशा परिस्थितीत हा कायदा आपल्याला व्यावसायिक कर्तव्याच्या आणि सदसद्विवेकबुद्धीच्या विरुद्ध वागण्यास भाग पाडतो, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयात न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरवला. उपचाराचा निर्णय घेण्याचे स्वातंत्र्य हा डॉक्टरच्या व्यवसायस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि या कायद्याने त्यावर घाला पडतो. असे बंधन घालण्याचा अधिकार या बाबतीत केंद्रीय संसदेला नव्हता, असे न्यायालयाने म्हटले.

कायदा कोसळला तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर, हे ध्यानात घ्यायला हवे. अपंगांशी भेदभाव करण्याची मुभा डॉक्टरांना मिळाली, असा त्याचा अर्थ नाही. घटनेतील मनाई जशीच्या तशी आहे. मात्र एकाच न्यायालयाने चार वर्षांत आधी रुग्णाचा आणि मग डॉक्टरचा हक्क मान्य केला, यावरून हा तोल सांभाळणे किती कठीण आहे याची कल्पना येते.

भारतीय कायदा काय सांगतो?

भारतात या प्रश्नाचे उत्तर एका कायद्यात सापडत नाही. ते अनेक ठिकाणी विखुरलेले आहे. तातडीच्या प्रसंगापुरते उत्तर निर्विवाद आहे. स्कूटरवरून जाणाऱ्या एका जखमीला जवळच्या रुग्णालयाने, पोलीस प्रकरणे हाताळण्याचा अधिकार आपल्याला नाही असे सांगून सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयात पाठवले आणि तो वाटेतच दगावला. या घटनेवरून उभ्या राहिलेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली स्पष्ट केले, की सरकारी असो वा खासगी, जीव वाचवण्यासाठी आपले कौशल्य पणाला लावणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि कोणतीही कायदेशीर औपचारिकता त्याच्या आड येऊ शकत नाही.

तातडी नसेल तेव्हा २००२ची आचारसंहिता लागू होते. आजार आपल्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचा असेल तर रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवण्याची मुभा ती देते. एकदा उपचार हाती घेतल्यावर पुरेशी सूचना न देता अंग काढून घेण्यास मात्र मनाई आहे. याच संहितेत एक तरतूद आहे, जिची चर्चा क्वचितच होते. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असताना नसबंदी, संततिनियमन, सुंता आणि गर्भपात या बाबतीत केवळ धार्मिक कारणास्तव साहाय्य नाकारणे हे गैरवर्तन मानले आहे. अपवाद फक्त डॉक्टरला ते कौशल्य अवगत नसेल तर. म्हणजे श्रद्धेच्या आधारे नकार देण्यास ब्रिटनमध्ये जेवढा वाव आहे, तेवढाही भारतीय नियम कागदावर तरी देत नाही. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य बहाल केले असले, तरी ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, हेही या संदर्भात महत्त्वाचे ठरते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवी नियमावली जाहीर केली होती. उद्धट वा हिंसक रुग्ण आणि नातेवाईकांना नकार देण्याची तरतूद तीत होती. मात्र महिनाभराच्या आतच ती स्थगित झाली आणि जुनी संहिता पुन्हा लागू झाली.

विशिष्ट गटांसाठी अलीकडच्या काळात स्वतंत्र कायदे झाले. सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने बाधितांना आरोग्यसेवा नाकारणे, ती खंडित करणे वा देताना अन्याय्य वागणूक देणे निषिद्ध केले. नोकरीच्या बाबतीत हा कायदा, संसर्गाचा मोठा धोका असल्याचे स्वतंत्र तज्ज्ञाने लेखी दिल्यास, एक अपवाद मान्य करतो. आरोग्यसेवेच्या बाबतीत तसा अपवाद ठेवलेला नाही. मेनमधील दंतवैद्याने जो बचाव मांडला, त्याला येथे मुळातच जागा नाही. तक्रारीसाठी राज्यांनी लोकपाल नेमावा, त्याने ३० दिवसांत आणि वैद्यकीय तातडी असल्यास शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, असेही कायदा सांगतो. याच वर्षीच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणि २०१९च्या तृतीयपंथी व्यक्तींविषयीच्या कायद्याने त्या त्या गटांना असेच संरक्षण दिले.

वैवाहिक दर्जाचा प्रश्न भारतात गर्भपाताच्या संदर्भात आला. वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ‘पती’ऐवजी ‘जोडीदार’ हा शब्द आला. त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या गर्भपातासाठीचा नियम विवाहित आणि अविवाहित स्त्रियांना सारखाच लागू असल्याचा निर्वाळा दिला. कुटुंबीयांची संमती आणा, कागदपत्रे दाखवा, न्यायालयाचा आदेश आणा, अशा कायद्यात नसलेल्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत, असेही न्यायालयाने बजावले. ही सूचना महत्त्वाची आहे. भारतात नकार बहुधा श्रद्धेचे नाव घेऊन येत नाही. तो एखाद्या जादा कागदाच्या, लांबलेल्या तारखेच्या किंवा ‘आमच्याकडे सोय नाही’ या वाक्याच्या आडून येतो.

कसोटी कोणती?

या सर्व निकालांतून एक व्यवहार्य कसोटी हाती लागते. नकार रुग्णाच्या आजाराशी निगडित आहे, की रुग्णाच्या ओळखीशी? हाच आजार घेऊन दुसऱ्या जातीचा, धर्माचा, विवाहित वा निरोगी रक्ताचा माणूस आला असता, तर डॉक्टरने त्याच्यावर उपचार केले असते काय? उत्तर होय असेल, तर त्याला व्यावसायिक निर्णय म्हणता येणार नाही. तो भेदभाव आहे. उत्तर नाही असेल, तर डॉक्टरच्या निर्णयात कायद्याने नाक खुपसण्याचे सहसा कारण नाही.

सक्तीने उपचार करायला लावले तर ते मनापासून होतील काय, असा प्रतिवाद डॉक्टर करतात. तो अगदीच गैरलागू नाही. नाराज हातांनी झालेली शस्त्रक्रिया कोणत्याच रुग्णाला नको असते. म्हणूनच जबाबदारी एकट्या डॉक्टरवर न टाकता संस्थेवर टाकणे अधिक शहाणपणाचे ठरते. एखाद्या डॉक्टरचा आक्षेप रुग्णालयाला आधीच ठाऊक असेल, पर्यायी डॉक्टर त्याच छताखाली उपलब्ध असेल आणि रुग्णाला अपमान वा विलंब सोसावा लागत नसेल, तर दोघांचाही मान राखला जातो. संसर्गाच्या भीतीलाही हेच लागू आहे. हातमोजे, संरक्षक साधने आणि सुई टोचल्यास तातडीची औषधे कर्मचाऱ्यांना पुरवणे हे २०१७च्या कायद्याने संस्थेचे कर्तव्य ठरवले आहे. ती न देता डॉक्टरकडून धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

मात्र मोठ्या शहरात जी तडजोड जमते, ती तालुक्याच्या गावी जमतेच असे नाही. जेथे एकच स्त्रीरोगतज्ज्ञ वा एकच दंतवैद्य आहे, तेथे ‘दुसरीकडे जा’ या शब्दांचा अर्थ ‘उपचार नाहीत’ असाच होतो. तेथे डॉक्टरची सदसद्विवेकबुद्धी रुग्णाच्या नशिबाचा निकाल लावते. नकाराचे कारण लेखी देण्याची आणि पर्यायी डॉक्टरचे नाव सांगण्याची सवय दवाखान्यांना लागली, तर बराच फरक पडेल. जे कारण कागदावर लिहिण्याची लाज वाटते, ते बहुधा वैद्यकीय कारण नसते.